चौथ्या भागातला ठिपका

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडे पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स सुरू होतात. बाहेर पाऊस, लॅबच्या दाराशी ओल्या छत्र्यांची रांग, आणि आत नवे पांढरे एप्रन घातलेली वीस मुलं. एप्रनच्या घड्यासुद्धा अजून मोडलेल्या नसतात. सगळ्यांची नजर एकाच कपाटाकडे असते, कारण सूक्ष्मदर्शक तिथे असतात. सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे सूक्ष्मदर्शकात डोकावणं, अशी बारावीपर्यंत त्यांची समजूत झालेली असते. मी पहिल्या दिवशी ते कपाट उघडत नाही. प्रत्येक टेबलावर एक उकडलेला बटाटा ठेवते.

बटाटा सालीसकट उकडलेला. सुरी ज्योतीवर तापवून गार होऊ द्यायची, बटाट्याचे दोन भाग करायचे, कापलेली बाजू वर करून काचेच्या ताटलीत ठेवायचे. अर्धा तास उघडे, मग वर झाकण. ताटलीवर रोल नंबर लिहायचा आणि घरी जायचं. मुलांचे चेहरे उतरतात. एवढ्यासाठी एप्रन शिवला का, असं कुणी बोलून दाखवत नाही, पण मला ते दिसतं.

पुढच्या आठवड्यात तीच मुलं ताटलीवर वाकलेली असतात. पिठूळ पिवळट पृष्ठभागावर ठिपके उठलेले असतात. एक पांढरा, चकचकीत, मोहरीएवढा. एक लिंबाच्या सालीसारखा पिवळा. एक पसरट आणि सुरकुतलेला, वाळलेल्या सायीसारखा. पावसाळा असल्यामुळे कडेला हिरवी-राखाडी बुरशीही हमखास असते. झाकण उघडायचं नाही हे मी आधीच बजावलेलं असतं. काय उगवलंय ते आपल्याला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही त्याच्याशी सलगी करायची नाही. बघून झालं की सगळ्या ताटल्या ऑटोक्लेव्हमध्ये जातात, मगच कचऱ्यात.

मग मी विचारते, ‘ठिपकेच का? सगळीकडे एकसारखा थर का आला नाही?’

जवळजवळ हाच बटाटा रॉबर्ट कॉखने पाहिला होता, बर्लिनमध्ये, 1880च्या आसपास. तोवर जिवाणू वाढवायचे ते मांसाच्या किंवा भाज्यांच्या पातळ रसात. रसात सगळं एकत्र होतं. शंभर प्रकारचे जिवाणू पडले तर शंभरही एकमेकांत पोहत राहतात, आणि गढूळ झालेल्या बाटलीकडे बघून आत कोण आहे ते सांगता येत नाही. बटाट्यावरचे वेगवेगळ्या रंगांचे ठिपके कॉखने एकेक करून भिंगाखाली घेतले, तेव्हा एका ठिपक्यात एकाच प्रकारचे जिवाणू दिसले. हवेतून एक पेशी येऊन पडली. घट्ट पृष्ठभागावर तिला वाहून जायला वाट नव्हती. जिथे पडली तिथेच ती दुभंगली, तिची पिल्लंही तिथेच दुभंगली, आणि साध्या डोळ्यांना दिसेल एवढा ढीग झाला. पुस्तकात त्याला वसाहत म्हणतात, आम्ही लॅबमध्ये कॉलनी म्हणतो.

माझ्या विषयाचा पाया कुठे, असं कुणी विचारलं तर मी त्या ठिपक्याकडे बोट दाखवीन. लेव्हेनहूकने डेल्फ्टमध्ये बसून, स्वतः घासलेल्या भिंगांतून, 1670च्या दशकातच जिवाणू पाहिले होते. पुढची दोनशे वर्षं माणूस ते बघतच राहिला. कुठला जिवाणू काय करतो हे मात्र कळेना, कारण गर्दीतून एकाला बाजूला कसं काढायचं हे कुणाला जमत नव्हतं.

फळ्यावर मी एक हिशोब मांडते. ई. कोलाय या जिवाणूची पेशी चांगलं अन्न आणि 37 अंश तापमान मिळालं तर वीस मिनिटांत दुभंगते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. दहा तासांत तीस वेळा. दोनचा तिसावा घात मुलांकडूनच काढून घेते, तो येतो 107 कोटींच्या वर. प्रत्यक्षात त्याआधीच अन्न अपुरं पडतं आणि कडेच्या पेशींपेक्षा मधल्यांचे हाल जास्त होतात. तरी संध्याकाळी पाचला जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे सकाळी टाचणीच्या डोक्याएवढी कॉलनी का दिसते, ते या आकड्यावरून पटतं. क्षयाचा जिवाणू याच्या अगदी उलट. त्याला एकदा दुभंगायला पंधरा ते वीस तास लागतात. 24 मार्च 1882 रोजी कॉखने तो जगापुढे मांडला, त्याआधी गोठवलेल्या रक्तद्रवावर कॉलनी दिसण्यासाठी त्याला आठवडेच्या आठवडे थांबावं लागलं होतं. दुसरा कुणी असता तर आठव्या दिवशी नळ्या धुवायला टाकल्या असत्या.

बटाट्याची अडचण अशी की त्यावर सगळ्यांचं पोट भरत नाही. कॉखने मग रसातच जिलेटिन घालून तो घट्ट केला. पण जिलेटिन अंगाच्या उष्णतेला पातळ होतं, आणि कित्येक जिवाणू ते खाऊनही टाकतात. कॉखच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे नावाचे डॉक्टर हवेतले जंतू मोजत होते, त्यांच्या काचांवरचं जिलेटिन उन्हाळ्यात टेबलावरच पाघळायचं. त्यांची पत्नी फॅनी त्यांना मदत करायची, चित्रंही काढून द्यायची. तिने स्वयंपाकघरातला उपाय सुचवला. ती न्यूयॉर्कमध्ये वाढलेली. जावा बेटावर राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून ती अगर वापरायला शिकली होती. समुद्री शेवाळापासून काढलेला हा पदार्थ पाण्याला उकळी आल्याशिवाय विरघळत नाही आणि चाळीस अंशांच्या आसपास एकदा गोठला की 37 अंशांना घट्टच राहतो. फारच थोड्या जिवाणूंना तो पचवता येतो. मुलांना मी ‘अगर’ म्हटलं की ती वहीत लिहून घेतात. ‘चायना ग्रास’ म्हटलं की मान वर करतात. आईने केलेलं उन्हाळ्यातलं दुधाचं पुडिंग आठवून एखादी हळूच हसते. तेच हे. शंभर मिलीलिटरला दीड ग्रॅम.

क्षयाच्या जिवाणूवरच्या 1882च्या निबंधात कॉखने अगरचा ओझरता उल्लेख केला, फॅनीचं नाव घेतलं नाही. रिचर्ड पेट्रीने 1887मध्ये झाकणाची ताटली वर्णन केली आणि त्याचं नाव जगातल्या प्रत्येक लॅबमध्ये रोज घेतलं जातं. ताटलीतल्या पदार्थामागे जिचं डोकं होतं तिचं नाव एम.एस्सी. झालेल्यांनाही सांगता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हणून माझ्या बॅचच्या जर्नलमध्ये जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या कृतीखाली फॅनी हेसे हे नाव लिहिलेलं असावंच लागतं. नसेल तर मी सही करत नाही.

आता लूप. पेन्सिलीएवढी धातूची दांडी, टोकाला नायक्रोमची तार, तारेच्या शेंड्याला तीन-चार मिलीमीटरचं कडं. आमच्या धंद्यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त चुकीचं धरलं जाणारं अवजार. मुलं ते खिळ्यासारखं मुठीत धरतात. मी त्यांना रांगोळी आठवायला सांगते. रांगोळी घालणाऱ्या बाईचा हात जमिनीला टेकत नाही आणि जमिनीपासून लांबही जात नाही. लूप तसा अगरवरून गेला पाहिजे.

तार ज्योतीत धरायची, शेंड्यापासून दांडीपर्यंत लाल होऊ द्यायची. मग थांबायचं. हे थांबणं शिकवणं फार अवघड आहे. लाल लूप थेट कल्चरमध्ये, म्हणजे नळीत वाढवलेल्या जिवाणूंमध्ये, बुडवला की चर्र आवाज येतो, थेंब उडतात आणि जे उचलायचं तेच मरतं. अगरच्या कडेला, जिथे काही नाही तिथे, लूप टेकवून बघायचा. आवाज आला नाही म्हणजे गार झाला. मग नळी डाव्या हातात, कापसाचा बोळा उजव्या हाताच्या करंगळीत. बोळा टेबलावर ठेवायचा नाही, कधीच नाही. नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, लूप आत, बाहेर, पुन्हा तोंड ज्योतीवरून, बोळा जागेवर.

मग प्लेट. झाकण शिंपल्यासारखं थोडंसं उचलायचं, हात आत जाईल एवढंच. पहिल्या भागात जवळजवळ रेघा ओढायच्या. इथे लाखो पेशी पडल्या. लूप जाळायचा, गार करायचा. प्लेट थोडी फिरवायची, पहिल्या भागाच्या कडेला दोन-तीनदाच स्पर्श करून दुसऱ्या भागात रेघा. पुन्हा जाळायचा, गार करायचा. दुसऱ्यातून तिसऱ्यात. तिसऱ्यातून चौथ्यात, तेही पहिल्या भागाला पुन्हा न शिवता. प्रत्येक वेळी पेशी विरळ होत जातात. चौथ्या भागात लूपवर उरतात त्या मोजक्या, आणि त्या सुट्या सुट्या पडतात. अख्ख्या प्लेटमधला आपल्या कामाचा भाग तेवढाच. शेवटी प्लेट पालथी करून इनक्युबेटरमध्ये ठेवायची, म्हणजे झाकणाला जमलेलं पाणी कॉलन्यांवर पडून त्या एकमेकींत मिसळत नाहीत. नाव आणि तारीख तळाच्या बाजूला लिहायची. झाकणं बदलतात, तळ बदलत नाही.

कृती पाच वाक्यांत सांगता येते, आणि हातात यायला अर्धं सत्र जातं. कुणी दोन भागांच्या मध्ये लूप जाळायला विसरतं, मग प्लेटभर दाट चादर उगवते. कुणी इतका जोर लावतं की अगर नांगरल्यासारखा फाटतो. कुणी पंख्याखाली बसतं. कुणी बोलता बोलता झाकण पूर्ण उघडतं. दुसऱ्या दिवशी प्लेट सगळं सांगते. मला रागवावं लागत नाही. ‘कुठे विसरलीस, बघ,’ एवढंच म्हणते आणि मुलगी स्वतःच बोट ठेवून दाखवते.

माझ्या मनावर हे कायमचं कोरलं गेलं ते एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी. उसाच्या शेतातल्या मातीतून फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू मी वेगळे करत होते. त्यासाठीचं माध्यम दुधट असतं, त्यात न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट घातलेलं असतं. ज्या जिवाणूला ते विरघळवता येतं, त्याच्या कॉलनीभोवती स्वच्छ पारदर्शक कडं पडतं. माझ्या एका प्लेटवर रुपयाच्या नाण्याएवढं कडं पडलं. मी हरखले. मधली गुळगुळीत, ओलसर कॉलनी उचलली, थेट स्लँटवर, म्हणजे नळीत तिरप्या गोठवलेल्या अगरवर, घेतली आणि कामाला लागले. पुन्हा एकदा स्ट्रीक करून, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून बघावी हे मनात आलं होतं, पण वेळ कमी होता आणि कॉलनी इतकी देखणी होती की शंकेला जागा वाटली नाही.

पाच आठवडे मी चाचण्या केल्या. साखरेच्या चाचणीत एका सोमवारी आम्ल यायचं, पुढच्या सोमवारी यायचं नाही. मी माध्यमाला दोष दिला, पाण्याला दिला, इनक्युबेटरला दिला. शेवटी मार्गदर्शक सर म्हणाले, ‘ग्रॅम केलंस का परत?’ केलं, म्हणजे ग्रॅमच्या रीतीने पेशी रंगवून पाहिल्या. गुलाबी, बारीक दांडके मैदानभर पसरलेले, आणि त्यांच्यामध्ये इथे-तिथे मोठे जांभळे दांडके, काहींच्या पोटात रंग न घेतलेला बीजाणूचा पांढरा डाग. एका कॉलनीत दोघे होते. गुळगुळीत कॉलनीच्या चिकट पसाऱ्याखाली दुसरा मुक्कामाला होता. दोघांना वेगळं करायला तीन वेळा स्ट्रीक करावं लागलं. कडं पाडणारा निघाला तो खालचा, अनाकर्षक, ज्याच्याकडे मी पाहिलंही नव्हतं. सरांनी पाच आठवड्यांच्या नोंदींवर आडवी रेघ मारली आणि खाली तारीख घालून ‘पुन्हा’ एवढा एकच शब्द लिहिला. ती वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. दर वर्षी एका तरी बॅचला मी ते पान दाखवते.

ग्रॅमचं नाव निघालंच आहे. मुलांना या रंगवण्याची पहिली स्लाइड मी दह्याची करायला लावते. प्रत्येकाने आपल्या घरचं दही आणायचं, दुकानातलं नको. दह्यावरचं पाणी डिस्टिल्ड वॉटरच्या थेंबात मिसळून काचेवर पातळ पसरायचं, वाळवायचं, ज्योतीवरून तीनदा फिरवायचं. काच हाताच्या पाठीला सोसवेल इतकीच तापली पाहिजे. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाणी, आयोडीन एक मिनिट, पाणी. मग काच तिरपी धरून वरून अल्कोहोलचे थेंब सोडायचे. जांभळे ओघळ उतरत जातात, फिके होतात, आणि एका क्षणी थेंब स्वच्छ येतो. त्याच क्षणी पाणी. पाच सेकंद जास्त झाले तर ज्याने रंग धरून ठेवायला हवा त्याचाही रंग जातो. कमी झाले तर ज्याने सोडायला हवा तोही जांभळाच राहतो. पुस्तकात वेळ दिलेली आहे, पण स्मिअर जाड की पातळ यावर ती बदलते, म्हणून मी घड्याळ बाजूला ठेवायला लावते. शेवटी सॅफ्रानिन, पाणी, टिपकागद.

तेलाचा थेंब टाकून शंभराचं भिंग फिरवलं की दह्यात जांभळे लांब दांडके दिसतात, आणि जांभळ्या मण्यांच्या माळा. एखाद्या घरच्या दह्यात यीस्टच्या मोठ्या, फुगीर पेशीही असतात. हे दही जरा फसफसतं आणि आंबूस वास देतं, ते का, याचं उत्तर मुलाला भिंगातच मिळतं. आजीने रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं, तेव्हा तिने नेमकं हेच केलेलं असतं. निवडलेल्या पेशी, योग्य उष्णता, झाकण आणि रात्रभर न हलवणं. दूध जास्त गरम असेल तर दही लागत नाही हे तिला कळतं, आणि तो लाल लूपचाच धडा आहे.

डॅनिश डॉक्टर हान्स ख्रिस्तियान ग्रॅमने ही रीत 1884मध्ये प्रसिद्ध केली. तो बर्लिनमध्ये न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसाचे काप तपासत होता. उतीच्या पेशींमध्ये जिवाणू ठळक दिसावेत, इतकाच त्याचा हेतू होता. काही जिवाणू रंग सोडून देतात हा त्याला आपल्या पद्धतीतला दोष वाटला, आणि पद्धत अपुरी आहे असं त्याने निबंधात मोकळेपणाने लिहिलं. त्याने ज्याला दोष म्हटलं त्यावर पुढे जिवाणूंचे दोन मोठे गट उभे राहिले. काहींची पेशीभित्तिका जाड, ती अल्कोहोलने आक्रसते आणि जांभळा रंग आत कोंडून ठेवते. काहींची पातळ, तिच्या बाहेर मेदाचं आवरण. अल्कोहोलमध्ये ते विरघळतं आणि रंग वाहून जातो. दवाखान्यात कुठलं प्रतिजैविक लागू पडेल याचा पहिला अंदाज आजही या दोन रंगांवरून बांधतात. मुलांनी वहीत ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ लिहिलं की मी विचारते, ‘शेजारी काय ठेवलं होतंस?’ त्याच काचेवर एका बाजूला ओळखीचा स्टॅफिलोकोकस आणि दुसऱ्या बाजूला ई. कोलाय रंगवलेला नसेल, तर मधल्या अनोळखी जिवाणूच्या रंगावर विश्वास ठेवायला काही आधार नाही.

हे ओळखीचे जिवाणू आम्ही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातून मागवतो. तिथे औद्योगिक उपयोगाचे सूक्ष्मजीव क्रमांक देऊन जपलेले आहेत. छोटीशी नळी येते, तिच्यावर क्रमांक असतो. ती हातात घेतली की मला तिच्यामागची माणसं आठवतात. कुणीतरी कधीतरी चौथ्या भागातला एक ठिपका उचलला, पुन्हा स्ट्रीक केला, पुन्हा उचलला, आणि त्याची संतती कुणाला मिसळू न देता इथवर आणली. आमच्याकडे आल्यावर दर महिन्याला ती नव्या स्लँटवर घ्यावी लागते. लॅबमधले मामा हे काम माझ्यापेक्षा शांतपणे करतात. त्यांनी मायक्रोचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. बोळा मात्र त्यांच्या करंगळीतून कधी सुटलेला मी पाहिला नाही.

आणखी एक प्लेट मी प्रत्येक बॅचमध्ये ठेवायला लावते, जिच्यावर काहीच ओढलेलं नसतं. तीच माध्यमाची बाटली, तोच दिवस, तोच इनक्युबेटर. दुसऱ्या दिवशी ती कोरी निघाली तरच बाकीच्या एकोणीस जणांचं खरं. मुलांना कोरी प्लेट दाखवायला संकोच वाटतो, काहीच आलं नाही म्हणून. मी ती सगळ्यात आधी मागते.

या वर्षीच्या गुरुवारच्या बॅचमध्ये एक मुलगी आहे, मागच्या टेबलावर, फारसं न बोलणारी. तिची पहिली प्लेट दाट चादर होती. दुसरीत अगर फाटला होता. तिसऱ्या गुरुवारी सकाळी ती माझ्याआधी लॅबमध्ये येऊन थांबली होती. इनक्युबेटर उघडल्यावर तिने आपली प्लेट काढली, खिडकीशी नेली आणि पावसाच्या मळकट उजेडात तिरपी धरून बराच वेळ पाहत राहिली. मग हळू म्हणाली, ‘मॅडम, ही एकटी आहे.’

मी हातभिंग घेऊन बघितलं. चौथ्या भागात, कडेपासून बोटभर आत, एक कॉलनी. गोल, कडा अखंड, एकच रंग, आसपास कुणी नाही. ‘छान आहे,’ मी म्हटलं. तिने मोबाइल काढून फोटो घेतला, दोनदा. मग प्लेट जपून परत ठेवायला निघाली.

मी नवी प्लेट तिच्यासमोर ठेवली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बर्नर पेटवला. तार लाल होईपर्यंत थांबली. मग गार होईपर्यंतही थांबली.